लाटांच्या बेटावर जाण्याचा बेत

समुद्र ओलांडावा कीं न ओलांडावा, हा वाद आपल्या घरांतून कधींच संपला. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाल्या तेव्हां जो गहजब उडाला, त्याची हकीकत आजचीं मुलें आश्चर्यानें वाचतात. आज आपल्यांतील कितीतरी कुटुंबांचीं मुलें ग्लासगो, एडिंबरो येथील विद्यापीठांत शिकत आहेत, आणि त्यांच्या खुशालीचे निरोप वरचेवर घरीं येतात. परंतु समुद्र ओलांडणें निराळें आणि समुद्रांत उतरणें निराळें. "सुटींत आम्ही चौघे मित्र लुइस बेटावर सर्फिंगला जाणार आहों," असा निरोप ज्या दिवशीं येतो, त्या दिवशीं जुना वाद नव्या रूपानें माजघरांत येऊन बसतो. आजी म्हणतात, "शिकायला गेला आहेस ना? मग पाण्याशीं हा खेळ कशाला?" काका म्हणतात, "मोठा झाला आहे. त्याचें तो पाहील." आई कांहीं बोलत नाहीं, पण तिला रात्रीं झोप लागत नाहीं.

या महिन्यांत आम्हीं याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. आजींचा नकार आणि काकांचा होकार हे दोन्ही सारखेच अपुरे आहेत. कारण बेत काय आहे हें दोघांपैकीं कोणींच विचारलेलें नाहीं. नकार मिळेल या भीतीनें जो मुलगा घरीं न सांगतां जातो, त्याच्याविषयीं आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते. समुद्रावर जाणाऱ्याच्या सुरक्षिततेचा पहिला नियमच असा आहे कीं, तो कोठें गेला आहे आणि केव्हां परतणार आहे, हें जमिनीवरील एका तरी माणसास ठाऊक असलें पाहिजे. आणि बेत काय आहे हें विचारावयाचें, तर त्या बेटाची व त्या समुद्राची थोडी माहिती घरच्या माणसांस हवीच.

प्रथम हा खेळ काय आहे तें सांगतों. पुरुषभर किंवा त्याहून लांब अशा हलक्या फळीवर पालथें पडून, हातांनीं पाणी मागें सारीत, माणूस फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे जातो. तेथें योग्य लाटेची वाट पाहतो, ती आली म्हणजे किनाऱ्याच्या दिशेनें जोरानें हात मारतो, आणि लाटेनें फळी उचलली कीं क्षणांत तिच्यावर उभा राहून उतरणीवरून घसरत येतो. या विद्येचें माहेर पॅसिफिक महासागरांतील हवाई व इतर पॉलिनेशियन बेटें होत. हवाईचा ड्यूक कहानामोकू हा १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारा जलतरणपटु. त्यानें १९१४-१५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत या खेळाचे प्रयोग दाखविले, आणि पुढें तो जगभर पसरला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें, म्हणजे २०२१ सालीं, त्यास प्रथमच स्थान मिळालें. तेव्हां हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असें म्हणण्यास आतां जागा राहिलेली नाहीं.

लुइस हें बेट स्कॉटलंडच्या वायव्येस, बाह्य हेब्रिडीज या द्वीपमालिकेच्या उत्तर टोकाशीं, सुमारें ५८ उत्तर अक्षांशावर आहे. लुइस व हॅरिस हीं नांवें दोन असलीं तरी जमीन एकच आहे, आणि २०११ सालीं दोहोंची मिळून लोकसंख्या सुमारें एकवीस हजार होती. झाडें थोडीं, दलदलीचें माळरान फार, आणि खालचा खडक पृथ्वीवरील अत्यंत जुन्या खडकांपैकीं, तीन अब्ज वर्षांपर्यंत वयाचा. मुख्य गांव स्टॉर्नोवे हें पूर्व किनाऱ्यावर, आडोशाचें बंदर धरून वसलेलें आहे. उल्लापूल गांवाहून निघणारी मोठी आगबोट मिंच नांवाची सामुद्रधुनी ओलांडून सुमारें पावणेतीन तासांत तेथें पोंचते. ग्लासगोहून विमानही जातें. परंतु लाटा आहेत त्या पश्चिम व उत्तर किनाऱ्यांवर. तेथें उभें राहून पश्चिमेस पाहिलें असतां कॅनडापर्यंत पाण्याला अडविणारी मोठी जमीन नाहीं.

या लाटा तेथील वाऱ्यानें उठतात असें समजूं नये. अटलांटिक महासागराच्या मध्यावर कमी दाबाचीं वादळें पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात. त्यांच्या वाऱ्यानें पाण्यांत जो उमाळा उत्पन्न होतो, तो वादळ मागें राहिलें तरी पुढें चालत येतो. खोल पाण्यांत या उमाळ्याची गति एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंतच्या काळावर अवलंबून असते. दोन लाटांमध्यें चौदा सेकंदांचें अंतर असल्यास त्यांचा समूह ताशीं सुमारें ३९ किलोमीटर वेगानें सरकतो. म्हणजे दीड हजार किलोमीटर दूरच्या वादळाची लाट सुमारें दीड दिवसानें किनाऱ्यास लागते. अशा दोन लाटांच्या शिखरांमध्यें तीनशें मीटरांहून अधिक अंतर असतें. यांतून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक अशी कीं, हवामानाचा नकाशा वाचतां येणाऱ्यास परवां काय होणार आहे याचा पुष्कळसा अंदाज आजच करतां येतो. दुसरी अशी कीं, आकाश निरभ्र आहे, वारा पडला आहे, म्हणून समुद्र शांत असेलच असें नाहीं. कोणे एके ठिकाणीं परवां झालेल्या वादळाचा हिशेब तो आज चुकता करीत असतो. म्हणून बेत करणाऱ्यानें लाटेची उंची तेवढी पाहून भागत नाहीं. दोन लाटांमधील सेकंद, वाऱ्याची दिशा आणि भरती-ओहोटीची वेळ या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. स्टॉर्नोवेस उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांतील फरक चार मीटरांच्या आसपास असतो. सकाळीं जेथें रुंद वाळू होती, तेथें सहा तासांनीं खडकाला पाणी भिडलेलें आढळतें.

काळ कोणता निवडावा? डिसेंबरांत तेथें दिवस साडेसहा तासांहूनही लहान असतो, आणि वादळें एकामागून एक येतात. नवशिक्यानें त्या ऋतूचें नांवही काढूं नये. जूनमध्यें अठरा तासांहून अधिक उजेड असतो, पण पुष्कळदां समुद्र निजलेला असतो. सप्टेंबर व ऑक्टोबरचा आरंभ हा काळ मध्यम मार्गाचा आहे. उन्हाळाभर तापत आलेलें पाणी तेव्हां वर्षांतील सर्वांत उबदार, म्हणजे तेरा-चौदा अंश सेल्सिअस असतें, आणि शरदांतील उमाळे येऊं लागलेले असतात. 'उबदार' हा शब्द वाचून कोणी फसूं नये. आपल्या अरबी समुद्राचें पाणी पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान असतें. त्याच्या मानानें लुइसचें सर्वांत उबदार पाणीही निम्म्याच उष्णतेचें. फेब्रुवारी-मार्चमध्यें तर तें सात-आठ अंशांवर उतरतें.

थंड पाण्याचा धोका आपल्याकडील पोहणाऱ्यास सहसा ठाऊक नसतो, म्हणून तो स्पष्ट सांगणें भाग आहे. पंधरा अंशांखालील पाण्यांत उघडें अंग एकाएकी बुडालें म्हणजे छाती आवळली जाते आणि माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो. त्याच क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल तर उत्तम पोहणाराही बुडूं शकतो. हा पहिला धक्का मिनिट-दीड मिनिटांत ओसरतो. त्यानंतर हातापायांची शक्ति हळूहळू जाऊं लागते, आणि बोटांस दोरी धरवेनाशी होते. यासाठींच निओप्रीन नांवाच्या कृत्रिम रबराचा अंगास घट्ट बसणारा वेटसूट घालावा लागतो. त्या रबरांत हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात; ते उष्णता बाहेर जाऊं देत नाहींत, आणि आंत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्याच उबेनें तापून राहतो. हा पोशाख अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्ते ह्यू ब्रॅडनर यांनीं १९५२ च्या सुमारास सिद्ध केला. लुइसच्या समुद्रास पांच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, पायांत त्याच कापडाचे जोडे, आणि ऋतु उतरल्यावर हातमोजे व टोपी लागते. मित्राचा ढिला वेटसूट मागून नेणें म्हणजे भोकें पडलेली छत्री घेऊन आषाढांत बाहेर पडणें होय. पैसे वांचवावयाचे असतील तर फळी भाड्यानें घ्यावी. वेटसुटांत काटकसर करूं नये.

आतां किनाऱ्यांविषयीं. उत्तर टोकाजवळचा योरोपी, त्याच्या खालचा बार्व्हस, पुढें डॅलमोर व डॅलबेग, आणि नैऋत्येकडील क्लिफ हीं तेथील प्रसिद्ध स्थळें. बार्व्हसला लाट दगडगोट्यांवर फुटते. तें स्थान जाणत्यांचें. डॅलमोर येथें वाळू आहे, पण ओढही आहे. क्लिफचा किनारा दिसण्यांत अति रमणीय, आणि त्याची ओढ तितकीच कुप्रसिद्ध. या किनाऱ्यांवर पहारा करणारे जीवरक्षक नसतात. फुटलेल्या लाटांचें पाणी परत समुद्राकडे जातांना एखाद्या अरुंद वाटेनें जोरानें वाहतें. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. त्यामुळें नवख्यास तीच जागा शांत व सोयीची वाटते, आणि तेथेंच तो फसतो. अशा ओघांत सांपडल्यास त्याच्या विरुद्ध झगडूं नये. फळी सोडूं नये. श्वास ताळ्यावर आणून ओघाला आडवें, किनाऱ्याशीं समांतर जावें, आणि लाटा फुटत असतील तेथून परतावें. ज्यास हें वाक्य नुसतें पाठ आहे आणि अंगवळणीं पडलेलें नाहीं, त्यानें लुइसवर एकट्यानें उतरूं नये. शिकण्याचें पहिलें पाऊल आपल्याच उबदार पाण्यांत टाकतां येतें. गोव्यांत, कर्नाटकांत मुळकीस आणि तमिळनाडूंत कोवळमला सर्फिंग शिकविणारे वर्ग आहेत. बेटावर पोंचल्यावरही पहिले दिवस तेथील शिक्षकाच्या हाताखालीं काढावे. किनाऱ्यावरून कोणी संकटांत दिसल्यास ९९९ या क्रमांकावर तटरक्षकांस बोलवावें; मात्र कांहीं किनाऱ्यांवर दूरध्वनीस संदेश मिळत नाहीं, हेंही आधीं पाहून ठेवावें.

इतकी तयारी करूनही सात दिवसांच्या मुक्कामांत कदाचित तीनच दिवस पाण्यांत उतरण्याजोगे निघतील. बेत करणाऱ्यांची खरी परीक्षा उरलेल्या चार दिवसांत होते. दूरवरून आलों, पैसे खर्च केले, उद्यां परतावयाचें आहे. मग आज लाट जरा मोठी असली म्हणून काय झालें, हा विचार मनांत येतो तो रिकाम्या दिवसांमुळेंच. म्हणून रिकामे दिवस आधींच भरून ठेवावे. कॅलनिश येथें सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीं उभारलेल्या प्रचंड शिलांचें वर्तुळ आहे. गांवोगांव घरांच्या शेजारच्या खोपटांत हातमागावर हॅरिस ट्वीड विणतात. हें कापड द्वीपवासीयांनीं आपल्या घरींच विणलेलें असलें पाहिजे, असा १९९३ चा कायदा आहे. हिंदी माणसास तर तेथें आपल्याच इतिहासाचीं पानें सांपडतील. हिंदुस्थानचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी हे स्टॉर्नोवेचे. दक्षिणेंतील हस्तलिखितें व शिलालेख यांचा त्यांनीं जो अफाट संग्रह केला त्यांत मराठी कागदही आहेत. बंदरासमोर उभा असलेला लूज वाडा बांधणारे जेम्स मॅथेसन यांनीं १८४४ सालीं सारें बेट विकत घेतलें, तें चीनच्या व्यापारांत, मुख्यतः अफूवर, मिळविलेल्या पैशानें. आणि त्या व्यापारांतील माळव्याची अफू मुंबई बंदरांतून जात असे. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांच्या पेढीचे मोठे व्यापारी सहकारी होते. असा एक दिवस पाण्याबाहेर काढणें म्हणजे दिवस फुकट गेला, असें कोण म्हणेल?

रविवार हा तर ठरलेलाच विसाव्याचा दिवस समजावा. लुइसमधील पुष्कळ कुटुंबें कडव्या प्रेस्बिटेरियन पंथाचीं असून रविवार अत्यंत निष्ठेनें पाळतात. स्टॉर्नोवेहून रविवारची आगबोट सुरू झाली ती २००९ सालीं, आणि तेथील मोठें टेस्को दुकान रविवारीं उघडूं लागलें तें २०२४ च्या नोव्हेंबरांत. दोन्ही वेळां गांवांत मतभेद झाले. कायद्यानें त्या दिवशीं समुद्रांत जाण्यास कोणी अडवीत नाहीं. पण ज्या घरांत एकादशीस चुलीवर कांदा चढत नाहीं, त्या घरांतील मुलांस यजमानाच्या नेमाचा मान कसा राखावा हें शिकवावें लागूं नये. डॅलमोरच्या वाळूस लागून गांवची दफनभूमि आहे. समुद्रानें ती खाऊं नये म्हणून मध्यें भिंत घातली आहे. तेथें अंत्यविधि चालू असेल तर गाडी दूर ठेवावी आणि फळ्या बाहेर काढूं नयेत. भोजनाविषयीं एवढेंच कीं, स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाड घ्यावें. शाकाहाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, स्टॉर्नोवेचें प्रसिद्ध 'ब्लॅक पुडिंग' हा गोड पदार्थ नसून जनावराच्या रक्ताचा केलेला असतो. घरून मेतकूट, भाजणी, गोडा मसाला खुशाल पाठवावा. दुधाचे पदार्थ हिंदुस्थानांतून ब्रिटनमध्यें नेण्यास मनाई आहे, म्हणून तुपाची बरणी मात्र घरींच राहूं द्यावी.

या बेटावर समुद्राविषयीं हलकेपणानें बोललेलें कोणास आवडत नाहीं, त्यास कारण आहे. १ जानेवारी १९१९ च्या पहाटेपूर्वीं 'आयोलेअर' नांवाची नौका पहिल्या महायुद्धांतून वांचलेल्या आरमारी जवानांस घेऊन स्टॉर्नोवेकडे येत होती. घरोघरीं चुली पेटलेल्या होत्या, कोरडे कपडे काढून ठेवले होते. बंदराचे दिवे दिसत असतां, किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावर, ती खडकांवर आदळली. नौकेवर सुमारें २८० माणसें होतीं. त्यांपैकीं २०१ बुडालीं. जॉन एफ. मॅक्लाउड नांवाचा एक खलाशी दोरी घेऊन पोहत किनाऱ्यास लागला, आणि त्या दोरीच्या आधारानें सुमारें चाळीस जण वांचले. हीं सर्व समुद्रावर वाढलेलीं माणसें होतीं. युद्धानें ज्यांस मारलें नाहीं, त्यांस घरच्या उंबरठ्याशीं असलेल्या पाण्यानें गिळलें. कित्येक वर्षें या घटनेविषयीं बेटावरील घरांत कोणी मोठ्यानें बोलत नसे. असा अनुभव पोटांत असलेला म्हातारा किनाऱ्यावर उभा राहून "आज नको" म्हणाला, तर त्याचा शब्द कोणत्याही नकाशाहून अधिक मानावा.

आपल्या कोळ्यांसही ही विद्या ठाऊक आहे. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केल्यावांचून होडी पाण्यांत न लोटणारा कोळी भित्रा असतो, असें कोणी म्हणत नाहीं. समुद्राचा काळ ओळखून घरीं बसणें हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे.

तेव्हां ज्या घरीं असा निरोप येईल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आमची सूचना अशी कीं, परवानगी द्यावी कीं न द्यावी हा विचार घटकाभर बाजूस ठेवून मुलास जवळ बसवून, किंवा दूरध्वनीवर, सहा प्रश्न विचारावे. तुमच्यांत पाण्याचा जाणता कोण, आणि त्याचें ऐकावयाचें असें सर्वांनीं कबूल केलें आहे काय? शिक्षक ठरविला आहे काय? वेटसूट अंगावर घालून पाहिला आहे काय? कोणत्या वाऱ्यास, किती उंचीच्या लाटेस पाण्यांत उतरावयाचें नाहीं, हें घरून निघण्यापूर्वींच लिहून ठेवलें आहे काय? त्या दिवशीं काय करणार? आणि शेवटचा प्रश्न: रोज कोणत्या किनाऱ्यावर आहांत व किती वाजेपर्यंत परतणार, हें कोणास कळविणार, आणि ती वेळ टळल्यास त्यानें कोणास हांक मारावयाची? मुलगी जाणार असेल तर प्रश्न हेच असावे. तिला सातवा प्रश्न विचारूं नये. पाणी मुलगा-मुलगी पाहत नाहीं.

या प्रश्नांचीं उत्तरें नीट देतां आलीं, तर आजींनीं आशीर्वाद द्यावा आणि आईनें निर्धास्त झोपावें असें आम्ही म्हणत नाहीं. आईस झोप येणार नाहींच. पण ती जागी असेल तेव्हां मुलगा कोठें आहे हें तिला ठाऊक असेल, आणि त्यासही तें ठाऊक असेल. उत्तरें देतां आलीं नाहींत, तर बेत एका वर्षानें पुढें ढकलावा. त्या वर्षांत पोहणें पक्कें करावें, भरतीचीं कोष्टकें वाचण्यास शिकावें. लुइसच्या किनाऱ्यावर पुढच्या शरदांतही लाटा येतीलच. संध्याकाळीं फळी वाळूवर टेकवून, "आज लाटा फार होत्या, आम्ही उतरलों नाहीं," असा निरोप ज्या दिवशीं घरीं येईल, त्या दिवशीं घरच्यांनीं मुलाचें विशेष कौतुक करावें, अशी आमची विनंती आहे.